अमेरिकेत एथ्निक लिटरेचर / वर्ल्ड लिटरेचर शिकणं - मतं आणि मदत हवी आहे

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

मी इथे अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत इंग्लिशमध्ये एमए करतेय, कॉन्सन्ट्रेशन अमेरिकन एथ्निक (म्हणजे इथल्या काळ्या, मूळ अमेरिकन, आशियाई, मेक्सिकन वंशाच्या लेखकांचं) आणि वर्ल्ड लिटरेचर. घरी सांगताना नुसतं "इंग्लिश" सांगते, कारण पुढचं सांगायला गेलं की फोनवर शांतता पसरते आणि मग काका स्कोप विचारतात.

आपल्याकडे बीएला होते तेव्हा कादंबरी म्हणजे थीम्स, कॅरेक्टर स्केच, शॉर्ट नोट्स. इथे आठवड्याला एक अख्खं पुस्तक, वर तीन-चार क्रिटिकल लेख, क्लासच्या आदल्या रात्री रिस्पॉन्स टाकायचा, आणि मग सेमिनारमध्ये अर्धा तास एकाच परिच्छेदावर चर्चा. सुरुवातीला वाटलं हे काय चाललंय. मग लेस्ली मार्मन सिल्कोची 'सेरेमनी' (१९७७) लागली आणि सगळं बदललं. पहिल्यांदा वाचली तेव्हा डोक्यावरून गेली, एकतर त्यात प्रकरणं नाहीत, मध्येच कविता सुरू होतात, दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला लगुना पुएब्लो या मूळ अमेरिकन जमातीचा एक मुलगा आजारी आहे आणि शेवटाकडे गोष्ट अचानक युरेनियमच्या खाणीपाशी जाते. प्रोफेसरनी काय केलं तर न्यू मेक्सिकोचा नकाशा लावला. लगुनांच्या जमिनीवर जॅकपाइल नावाची युरेनियमची प्रचंड उघडी खाण होती, १९५३ ते १९८२ चालू होती, आणि १९४५ साली पहिला अणुबॉम्ब फोडून पाहिला तो ट्रिनिटीही त्याच राज्यात. नकाशा बघून परत वाचली तर ज्या कवितांना मी मध्येच घुसलेल्या समजत होते त्यांच्याच आधाराने गोष्ट चाललीय हे दिसायला लागलं.

तर आता दोन अडचणी.

एक, वर्ल्ड लिटच्या सेमिनारमध्ये पुढच्या महिन्यात उर्मिला पवारांचं दलित आत्मकथन 'आयदान' इंग्रजीत आहे. सिलॅबस वाटला तेव्हाच सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी सदाशिव पेठेतल्या घरातली, सवर्ण. मी तिथे काय म्हणून बोलायचं?

दोन, टर्म पेपर. डोक्यात आहे की गुलामीतून सुटलेल्या लोकांनी लिहिलेली आत्मचरित्रं, म्हणजे फ्रेडरिक डग्लस (१८४५), हॅरिएट जेकब्स (१८६१), आणि मराठी दलित आत्मकथनं यांची तुलना करावी. चालेल का विषय?

चहाबाज

अभिनंदन वगैरे. पण मला एक कळत नाही, साहित्य चांगलं असतं नाहीतर वाईट असतं, त्यात हे एथ्निक-बिथ्निक खण कशाला? टोनी मॉरिसनला नोबेल मिळालं (१९९३) ते ती थोर लेखिका आहे म्हणून, मग तिला वेगळ्या खणात ठेवून तुम्ही लहानच करताय ना? हे सगळं अमेरिकन युनिव्हर्सिटीचं अपराधगंडातून आलेलं औदार्य आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ओकलंडकर

@चहाबाज, औदार्य?? मी बे एरियात पंचवीस वर्षं काढलीत म्हणून सांगतो, इथे कुणी काही उदार होऊन दिलेलं नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या पोरांनी संप केला, ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट मिळून, आणि तो मार्च १९६९ पर्यंत चालला. पोलिस कॅम्पसवर, लाठ्या, शेकडो अटका. मागणी काय तर आमचा इतिहास आणि आमचं साहित्य शिकवा, शिकवायला आमची माणसं घ्या, आणि आमच्या पोरांना जास्त संख्येने प्रवेश द्या. त्यातून तिथे एथ्निक स्टडीजचं कॉलेज निघालं, बर्कलीतही तसाच संप झाला आणि १९६९ लाच विभाग झाला.

गंमत अशी की संप मोडायला जो प्राचार्य बसवला तो एस. आय. हायाकावा, स्वतः जपानी वंशाचा आणि विषय इंग्रजी! भाषाशास्त्रावर नाव कमावलेला माणूस. हा गडी पोरांच्या ट्रकवर चढला आणि भोंग्याच्या वायरी उपटल्या. टीव्हीवर दिसला, हिरो झाला, पुढे सेनेटरही झाला. म्हणजे एकाच रंगाची माणसं आपोआप एकाच बाजूला उभी राहतात असंही नाही.

आणि हे संपलेलंही नाही. ॲरिझोनाने २०१० मध्ये कायदा करून टूसॉनच्या शाळांतला मेक्सिकन अमेरिकन स्टडीज बंद पाडला, वर्गांतून पुस्तकं खोक्यात भरून नेली, २०१७ मध्ये फेडरल जजने त्यामागे वांशिक आकस होता असं म्हटलं तेव्हा कुठे तो विषय मिटला. उलट कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा केला की कॅल स्टेटच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीसाठी तीन युनिटचा एथ्निक स्टडीजचा कोर्स घ्यायचाच.

चहाबाज

ठीक आहे, संपाचं माहीत नव्हतं. पण संपाने विभाग मिळतो, चांगली कादंबरी मिळत नाही. माझा मुद्दा दर्जाचा आहे.

ओहायोची_आत्या

दर्जाचं म्हणाल तर दर्जा असून कुणी वाचत नव्हतं त्याचं काय? जॉन ओकाडाची 'नो-नो बॉय' बघा. १९४२ मध्ये सरकारने वेस्ट कोस्टवरच्या सव्वा लाखाच्या आसपास जपानी लोकांना छावण्यांत टाकलं, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच. मग एक प्रश्नावली दिली, सैन्यात लढाल का आणि एकनिष्ठ राहाल का. दोन्हींना नाही म्हणणारे ते नो-नो बॉईज. तुरुंगातून सुटून सिॲटलला घरी आलेल्या अशा मुलाची ही कादंबरी. आली १९५७ मध्ये, जपानी समाजाला स्वतःलाच तेव्हा तो विषय नको होता, आणि बाकीच्यांना तर नकोच होता. पहिली आवृत्तीही संपली नाही. ओकाडा १९७१ मध्ये वारला. सत्तरच्या सुमारास काही तरुण आशियाई लेखकांना हे पुस्तक सापडलं, त्यांनी वर्गणी काढून १९७६ मध्ये परत छापलं, तोवर बायकोने त्याच्या दुसऱ्या कादंबरीचे कागद जाळून टाकलेले होते कारण घ्यायलाच कुणी तयार नव्हतं. मला तर ते वाचून दोन दिवस काही सुचलं नाही.

झोरा नील हर्स्टन या काळ्या लेखिकेचंही तेच. 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही १९३७ची कादंबरी, बाई १९६० मध्ये गरिबीत गेली, थडग्यावर दगडसुद्धा नाही, तो ॲलिस वॉकरने १९७३ मध्ये जाऊन बसवला. आज हायस्कूलमध्येसुद्धा लावतात ती कादंबरी. आता सांगा १९५० मध्ये तिचा दर्जा कुठे गेला होता?

माझ्या लेकीने कॉलेजात हे कोर्स घेतले म्हणून मी वाचायला लागले हो, एरवी मी कथा-कादंबऱ्या सोडून फारसं काही वाचत नसे. मॅक्सिन हाँग किंग्स्टनचं 'वुमन वॉरियर' (१९७६) वाचताना तर लेक माझ्याकडे आणि मी लेकीकडे बघत होतो. आई गोष्टी सांगते पण त्यातलं खरं किती ते सांगत नाही, मुलीला दोन्हीकडे परकं वाटतं. मला त्या आईची बाजू जास्त पटली हे सांगितल्यावर लेक चिडली. 😀

पाटीपेन्सिल

आत्या, किंग्स्टनवर आमच्या क्लासमध्ये जोरदार भांडण झालं! फ्रँक चिन नावाचा लेखक आहे, 'नो-नो बॉय' परत आणणाऱ्यांतलाच, त्याने किंग्स्टनवर आरोप केला की तिने चिनी दंतकथा मोडूनतोडून गोऱ्या वाचकांना आवडेल असा माल तयार केला. एक मुलगी म्हणाली पुरुष लेखकाला बाईने स्वतःच्याच समाजातल्या पुरुषांबद्दल लिहिलेलं झोंबलं, बाकी काही नाही. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं.

रानवारा

धागाकर्तीच्या पहिल्या अडचणीबद्दल.

तुम्ही तिथे भारत म्हणून बसलेल्या नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. "मी ज्या घरातून येते ते घर या पुस्तकात दुसऱ्या बाजूला आहे" एवढं एक वाक्य बोललात तरी वर्गाचं भलं होईल. अमेरिकेतल्या वर्गात सगळे भारतीय ब्राउन, सगळे सोसलेले, असा समज असतो आणि आपले लोक तो मोडत नाहीत, कारण सोयीचा असतो. मी स्वतः इथे इंजिनिअरिंग केलं, ऐच्छिक म्हणून एक साहित्याचा कोर्स घेतला होता. वर्णभेदावर तावातावाने बोलणारी आपली पोरं जात निघाली की "ते आता राहिलं नाही" म्हणायची. 'आयदान' वाचताना रडू येणं सोपं आहे. त्यातल्या बाईंचा विनोद बघा, चळवळीतल्या पुरुषांना त्यांनी कसं धरलंय ते बघा, कोकणातल्या वाडीतून चालत बाजाराला जाणाऱ्या बायका कशा बोलतात ते बघा. दुःखाचा दस्तऐवज म्हणून वाचलंत की पुस्तक संपलं.

आणखी एक. आपले बहुतेक लोक या देशात आले ते १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही असं सांगितलं होतं. (थिंड यांचा दावा काय होता तोही वाचा, आपण उच्चवर्णीय आर्य आहोत म्हणून गोरेच, असा होता. जात तिथेही बरोबर घेऊन गेलेले.) काळ्या लोकांनी नागरी हक्कांची लढाई लढली त्याच हवेत १९६५चा कायदा झाला. तेव्हा मॉरिसन वाचणं हे आपल्या लोकांसाठी परक्याचं दुःख वाचणं नाही, आपल्याला ज्यांच्यामुळे दार उघडलं त्यांचं वाचणं आहे.

निवांत

रानवारा यांच्या प्रतिसादाला +१००

खडूस_मास्तर

टर्म पेपरबद्दल. विषय चालेल का, तर चालेल, आणि बी प्लस मिळेल. ही तुलना आमच्या पिढीने करून करून झिजवली आहे. मी मराठवाड्यातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हैदराबादला उस्मानियाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर होतं, १९६४ साली निघालेलं, भारतभरातून इंग्रजीचे मास्तर तिथे पीएचडीचं वाचायला जाऊन राहायचे, कारण एवढी अमेरिकन पुस्तकं दुसरीकडे मिळायची नाहीत. आमच्यातल्या कितीतरी जणांनी तिथेच पहिल्यांदा राइट, एलिसन, बाल्डविन हे काळे लेखक वाचले. त्याच काळात औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे स्वतः अमेरिकेत जाऊन आलेले, काळ्या लेखकांबद्दल बोलत होते, जनार्दन वाघमाऱ्यांनी त्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन. हे सगळं प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर येतं. तुमच्याही येईल. पुढे काय?

आता तुलनेतली अडचण सांगतो. डग्लसचं पुस्तक उघडा, आधी गॅरिसन या गोऱ्या संपादकाची प्रस्तावना आहे, की हा माणूस खरा आहे आणि याने हे स्वतः लिहिलंय. जेकब्सबाईंनी टोपणनावाने लिहिलं आणि संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड या गोऱ्या लेखिकेचं नाव. परिणाम काय, तर शंभराहून जास्त वर्षं अभ्यासकांना वाटत राहिलं की हे चाइल्डबाईंनीच रचलेलं असावं, १९८०च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार काढून दाखवला तेव्हा जेकब्सना त्यांचं पुस्तक परत मिळालं. म्हणजे त्या पुस्तकांना कुणीतरी जामीन राहावं लागत होतं आणि ती उत्तरेतल्या गोऱ्या वाचकाला उद्देशून, गुलामी बंद व्हावी म्हणून लिहिलेली होती.

'बलुतं' १९७८चं. दया पवार शिकलेले, सरकारी नोकरीत, कवी म्हणून आधीच नाव झालेलं. वाचणारा मराठी, कायद्याने अस्पृश्यता जाऊन पाव शतक उलटून गेलेलं. जामीन कुणाचा नाही. उलट बोंब दोन्हीकडून, सवर्ण म्हणाले असं असतं काय आणि घरचे म्हणाले हे चव्हाट्यावर कशाला आणलं. यात आणि १८४५ मध्ये साम्य शोधाल तर "दोघांनीही दुःख सोसलं" एवढंच हाताला लागेल.

तुलना करायचीच तर काळ जुळवा. १९६५ मध्ये डेट्रॉइटला ब्रॉडसाइड प्रेस निघाली, कवितांची एकपानी पत्रकं छापणारी. १९६७ मध्ये शिकागोला थर्ड वर्ल्ड प्रेस, त्याच वर्षी बर्कलीला किंतो सोल, मेक्सिकन अमेरिकनांची. किंतो सोलने स्वतःचं पारितोषिक काढलं, पहिलं तोमास रिवेराला दिलं आणि शेतमजुरांवरची त्याची कादंबरी १९७१ मध्ये स्पॅनिश आणि इंग्रजी अशी दोन्ही छापली. १९७४ मध्ये आशियाई पोरांनी स्वतःचं संकलन काढलं. आणि नेमक्या याच वर्षांत इकडे औरंगाबादेत पानतावणे 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवत होते, मुंबईत अनियतकालिकं सायक्लोस्टाइल होत होती. मोठे प्रकाशक छापत नाहीत, मोठी मासिकं परत पाठवतात, म्हणून आपला छापखाना, आपलं मासिक, आपला मेळावा. मग काही वर्षांनी विद्यापीठ येतं आणि सिलॅबसला लावतं. ही तुलना कुणी नीट केलेली मला दिसली नाही. करा.

चहाबाज

मास्तर, हे मात्र पटलं. म्हणजे साहित्य आधी आणि विभाग नंतर, माझंच म्हणणं की हे!

खडूस_मास्तर

नाही. छापखाना आधी. हस्तलिखित पेटीत राहिलं तर ते साहित्य कुठलं. वरती ओकाडाचं वाचलंत ना.

पाटीपेन्सिल

मास्तर, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचून आज सकाळी ऑफिस अवर्सना प्रोफेसरांकडे गेले. विषय बदलतेय. त्यांनाही आवडला, फक्त म्हणाल्या की पंधरा-वीस पानांत पाच छापखाने कोंबू नकोस, एक तिकडचा एक इकडचा घे. किंतो सोल आणि अस्मितादर्श असं ठरवतेय, कारण दोघांनाही इंग्रजीबाहेरच्या भाषेत लिहायचा आग्रह होता. आमच्या सेमिनारमध्ये तेच सुटतं, अमेरिकन साहित्य म्हणजे इंग्रजी असं धरूनच सगळे चालतात. खरंतर सॅन फ्रान्सिस्कोजवळ एंजल आयलंडवर १९१० ते १९४० चिनी लोकांना अडकवून ठेवायचे, त्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर चिनीत कविता कोरल्या, त्याही अमेरिकन कविताच की.

वर्ल्ड लिटच्या सरांनी डॅमरॉश या अभ्यासकाचं पुस्तक (२००३) वाचायला दिलंय, की वर्ल्ड लिटरेचर म्हणजे जे आपल्या मूळ जागेबाहेर फिरतं ते. वाचताना माझ्या डोक्यात एकच, की फिरवतं कोण? 'बलुतं' इंग्रजीत यायला २०१५ उजाडलं. सदतीस वर्षं!

रानवारा, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत लिहून ठेवलंय, बोलणार आहे वर्गात.

ओकलंडकर

सिलॅबसला लागणं पण एका दिवसात होत नाही बरं का. संप १९६८चा, पण बाकीच्या देशभरात इंग्लिश विभाग जी जाडजूड संकलनं वापरतात त्यात बदल व्हायला १९९० उजाडलं, पॉल लॉटर आणि मंडळींनी हीथचं संकलन काढलं तेव्हा. दोन दशकं!

निवांत

धागाकर्तीने विचारलं नाही तरी, इथे यायचा विचार करणारी पोरं वाचत असतील म्हणून थोडक्यात. एमएला सहसा पैसे कमी मिळतात, पीएचडीला बऱ्याच ठिकाणी फी माफ आणि शिकवण्याच्या बदल्यात स्टायपेंड असतो. साहित्य स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत नाही, म्हणजे ओपीटी (शिक्षणानंतर इथे काम करायची परवानगी) बारा महिन्यांचीच, पुढची चोवीस महिन्यांची मुदतवाढ नाही. बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकलीय, खरा जीव रायटिंग सॅम्पलमध्ये. त्यात सतरा लेखकांची नावं टाकू नका, एक पुस्तक घ्या आणि त्यात खोल जा. बाकी पर्मनंट प्राध्यापकी मिळणं अवघड आहे, हे माहीत असून या.

पाटीपेन्सिल

धन्यवाद निवांत, काकांना हेच वाचून दाखवते.

आता खरी अडचण, अस्मितादर्शचे जुने अंक इथे अमेरिकेत मिळतील कुठे? आमच्या लायब्ररीत मराठी एक पान नाही.

ओहायोची_आत्या

अगं मिळतील बघ! १९६२ पासून पीएल ४८०च्या, म्हणजे अमेरिकेने भारताला विकलेल्या गव्हाच्या, रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतातली पुस्तकं-मासिकं घेऊन इथल्या मोठ्या लायब्रऱ्यांना पाठवली. आमच्या घरी त्या लाल गव्हाला किती नावं ठेवायचे, आणि त्याच पैशात मराठी पुस्तकं शिकागोला पोचत होती हे मला इथे येऊन कळलं. शिकागो युनिव्हर्सिटीचा मराठीचा साठा मोठा आहे. वर्ल्डकॅटवर (जगभरच्या लायब्रऱ्यांची एकत्र यादी) मराठी नाव रोमन लिपीत घालून शोध, दोन-तीन स्पेलिंग करून बघ, आणि आपल्या लायब्ररीतून इंटरलायब्ररी लोन टाक. अंक बाहेर देत नसतील तर पानं स्कॅन करून पाठवतात.

रानवारा

माझ्या मामांकडे नागपूरला काही अंक आहेत, सगळे नाहीत, दिवाळी अंक जास्त. विचारून कळवतो. कुरिअर नाही करणार ते, पण फोटो काढून देतील.

खडूस_मास्तर

फोटो मागवताना कथा-कविता आधी मागू नका, त्या पुढे संग्रहांतून आल्या आहेत, मिळतील. आधी मुखपृष्ठाच्या आतलं पान मागवा, वर्गणीचे दर, छपाई कुठे झाली, जाहिराती कुणाच्या. मग वाचकांची पत्रं आणि देणगीदारांची यादी असली तर ती. किंतो सोलच्या मासिकाचीही तीच पानं काढा. पैसा कुठून येत होता आणि अंक कुठल्या गावांत जात होता हे दोन्हीकडचं समोरासमोर ठेवलंत की पेपरची पहिली सहा पानं झाली.